बेबाबाईच्या ओठामागचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. अंधारात लावतात ना, तीच. पाठीवर दोन थपडा बसल्याशिवाय मी पेटत नाही, हे कबूल. पाचोऱ्याच्या बाजारातून मला आणलं, तेव्हा माझ्या उजेडाची काय वाहवा झाली! मग मोबाइल आले आणि मी माळ्यावर जाऊन पडले. तिथून मला मोहिनीताईने काढलं. ती आमच्या गावची आशाताई, म्हणजे घरोघरी जाऊन आरोग्याची चौकशी करणारी. तेव्हापासून तोंडाच्या कॅन्सरची लक्षणं शोधायला मी लोकांच्या तोंडात डोकावते.

एकदा गावातल्या बेबाबाईच्या खालच्या ओठामागे मला पांढरा डाग दिसला. पुसून जाईना. गावातल्या तपासणी शिबिरात डॉक्टरांनी त्यावर बारीक ब्रश फिरवला, सुटलेल्या पेशी काचेवर घेतल्या आणि काच तपासायला धुळ्याला पाठवली. ना सुई, ना टाका.

उत्तर आलं : काचेवर नुसती काळी पूड आहे, नमुना पुन्हा घ्या. अगं बाई! डॉक्टरांसमोर तोंड स्वच्छ असावं म्हणून बेबाबाई घरून मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावून आली होती. ज्या मिश्रीपायी डागाची भीती, तीच!

दुसऱ्यांदा ती येईना. “दुखत नही, खुपत नही, मंग कसाले येऊ?” तीन आठवडे गेले. डागाच्या कडेला लाली आली. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते. शेवटी मोहिनीताईने तिच्या हातात आरसा दिला, मला पेटवलं आणि म्हणाली, “अक्का, आते तुम्हीच देखा.” साठ वर्षांत बेबाबाईने स्वतःच्या ओठामागे कधी पाहिलं नव्हतं. तिने खळखळून चूळ भरली आणि ती डॉक्टरांकडे निघाली.

या वेळी पेशी दिसल्या, बिघडू लागलेल्या. धुळ्याला छोटा तुकडा काढून पक्की तपासणी झाली. कॅन्सर अजून झाला नव्हता. डाग वेळेत काढला. मला हुश्श झालं, पण ते फार टिकलं नाही.

परत आल्यावर बेबाबाईने मोहिनीताईच्या हातातून मलाच काढून घेतलं. “आते तू आ कर, माय.” मोहिनीताई ओशाळली. तीही रोज सकाळी मिश्री लावते, आणि गावभर तोंडं तपासून स्वतःचं तिने कुणाला दाखवलं नव्हतं. बेबाबाईने मला तिच्या तोंडाजवळ धरलं. मोहिनीताईच्या गालाच्या आत, दाढेपाशी, तांदळाएवढा पांढरा ठिपका होता.

तिची काच सोमवारी धुळ्याला गेली. अजून उत्तर नाही, आणि मला चैन पडत नाही. मित्रांनो, आज घरी आईला, बाबांना, आजीला ‘आ’ करायला लावा. दुखत नाही म्हणाले तरी लावा. उजेड कसलाही चालेल, पण पाहा.