मिठाचे दोन ढीग

मुलांनो, एक स्टीलची ताटली डोळ्यांसमोर आणा. तिच्यात जाड्या मिठाचे दोन ढीग आहेत. एक मोठा आणि दुसरा त्याच्या खांद्याला लागेल एवढा. दोघांच्या मध्ये थोडी खोलगट जागा. आता ते ढीग मनातल्या मनात वाढवत न्या. आधी तुमच्याएवढे, मग तुमच्या बिल्डिंगएवढे, मग खारघरच्या डोंगरापेक्षाही कितीतरी उंच. आणि मीठ नाही, सगळा बर्फच बर्फ. वारा असा की नाक जागेवर आहे का, हे चाचपून बघावं लागेल. दिसले डोंगर? आता मोठ्या डोंगरावर एक लाल टोपी ठेवा. ती टोपी घातलेली संध्या. आणि इकडे खारघरच्या गावठाणात, स्वयंपाकघरातल्या ताटलीसमोर बसलेली दहा वर्षांची मुलगी म्हणजे तिची भाची, प्रिया.

ताटली संध्याआत्यानेच मांडली होती, हिमाचलला निघायच्या आदल्या दिवशी. "ही थोरली, ही धाकटी. तिकडचे लोक या दोघींना बहिणी म्हणतात," ती सांगत होती. "सकाळी निघायचं, चढायचं, संध्याकाळच्या आत खाली."

प्रियाचे आजोबा, नामाआबा, दारात उभे राहून ऐकत होते. त्यांचं तरुणपण मिठागरात गेलेलं. मिठागरांच्या जागी टॉवर उभे राहिले, घरावर भाडेकरूंचे मजले चढले, पण पांढऱ्या ढिगांची भीती काही आबांच्या पोटातून गेली नव्हती.

"एकच डोंगर चरायचा न खाली यायचा," आबा म्हणाले. "दुसऱ्याकरं बघायचं पन नाय. मिठाचा ढीग वरशी टनक दिसतो, आतशी पोकल. पाय ठेवला का कंबरेपर्यंत गेला मानूस. बर्फ काय येगला आसंल?"

"अहो आबा, आमच्या ग्रुपला नेणारे रणजीत सर पण एकच म्हणतायत."

"मंग घे मीठ."

त्या घरची ही रीतच होती. शब्द द्यायचा असेल तर चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचं. तो शब्द मग मोडायचा नाही. संध्याने मीठ जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं आणि आबा हसत बाहेर गेले.

प्रियाला मात्र ते काही पटलं नाही. "एकच? म्हणजे अर्धीच ट्रिप! मी वर्गात सगळ्यांना दोन सांगितलेत. सोनल म्हणेल, तुझी आत्या नुसती फेकते."

संध्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बघ हं. ही काडेपेटीची काडी म्हणजे मी. थोरलीवरून या खिंडीत उतरायचं. इथे एक मोठा खडक आहे." तिने खोलगट जागेत एक शेंगदाणा ठेवला. "त्याच्या डावीकडून वळलं की धाकटी समोरच. पटकन जाऊन येईन. पण आबांना सांगायचं नाही. घे मीठ."

प्रियाने मीठ घेतलं. खारट लागलं, आणि मोठं झाल्यासारखंही वाटलं.

हे झालं चार दिवसांपूर्वी. आज रविवार. आईबाबा आणि आजी उरणला हळदीला गेले होते. आबांचे गुडघे दुखत होते म्हणून ते घरी, आणि त्यांच्या सोबतीला प्रिया. दुपारच्या आधीच टॅबवर आत्याचा आवाज आला होता. मागे वारा नुसता फडफडत होता.

"प्रिये, थोरली झाली! आता धाकटी. गुपचूप हं."

प्रियाने घरभर उड्या मारल्या. आबांनी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, गेम जिंकले."

पण त्यानंतर टॅब जो गप्प झाला तो झालाच. जेवणं झाली. प्रियाने तीनदा चार्जर काढून पुन्हा लावला. आत्याला मेसेज पाठवला, त्याच्यापुढे एकच खूण उमटली, दुसरी काही उमटेना. खाली रिक्षावाल्याचा हॉर्न वाजला तरी तिला वाटायचं, फोनच आला.

वाजला तो आबांचा फोन. आबांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा.

"आबा, मी रणजीत बोलतोय, संध्याच्या ग्रुपचा. घाबरू नका. संध्या अजून खाली पोचली नाही."

"पोचली नाय म्हंजे? तुमच्यासंगतीच होती ना?"

"होती. वर फोटो काढले, मग मला म्हणाली, मी मागच्यांबरोबर उतरते. मागच्यांना वाटलं, ती माझ्याबरोबर पुढे गेली. मधेच बर्फ पडायला लागला, पावलांचे ठसे बुजले. गावातली पोरं घेऊन आम्ही थोरलीच्या उतरणीच्या वाटेवर तिला शोधतोय. सापडेल, आबा."

थोरलीची वाट. पण आत्या तर धाकटीवर गेली होती! प्रियाने तोंड उघडलं, आणि जिभेवर कुठूनतरी मिठाची चव आली. तिने तोंड मिटलं.

आबांनी फोन टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "प्रिया, तुला काय बोल्ली का ती? सकालपासून?"

"नाही," प्रिया म्हणाली.

मुलांनो, ती वाईट मुलगी नव्हती. तिने शब्द दिला होता. आणि शब्दाच्या मागे आणखी एक गोष्ट लपून बसली होती, ती जास्त बोचत होती. "अर्धीच ट्रिप" असं म्हणालं कोण होतं? आत्याला काही झालं, तर सगळे आपल्याकडेच बघतील. त्यापेक्षा आत्ता फोन वाजेल, आत्याच बोलेल, खो खो हसेल, आणि मग कुणाला काही सांगायचं कारणच उरणार नाही. प्रिया फोनकडे बघत बसली. आत्ता वाजेल. हा मोटरसायकलचा आवाज थांबला की वाजेल. वरच्या भाडेकरूंचा कुकर शिट्टी देईल तेव्हा वाजेल. कुकरने शिट्टी दिली. फोन नाही वाजला.

आबा देव्हाऱ्यापाशी गेले, पण त्यांना काडी काही पेटवता येईना. सगळ्या काड्या जमिनीवर सांडल्या. आबांना असं प्रियाने कधी पाहिलं नव्हतं.

मग फोन वाजला. पुन्हा रणजीतच. त्याला धाप लागली होती.

"आबा, वाटेवर कुणी नाही. आता थोरलीच्या पलीकडच्या नाळेत, त्या अरुंद घळीत, उतरतोय. ती घसरून तिकडे गेली असेल. उजेड थोडाच राहिलाय. अंधार पडला की पोरांना वर ठेवता येणार नाही."

"रात्री तिथं राहील कशी ती पोर?" आबांनी विचारलं.

पलीकडची नाळ म्हणजे धाकटीच्या अगदी विरुद्ध बाजू! प्रिया स्वयंपाकघरात धावली. ताटली तिथेच होती. खाडीच्या दमट हवेने मीठ ओलावून आता वरून घट्ट, गुळगुळीत झालं होतं. काडी मात्र आडवी पडली होती. प्रियाने बोटाने धाकटीच्या कडेला हलकेच दाबलं. वरचं घट्ट मीठ तसंच राहिलं, राहिलं, आणि मग बोट एकदम आत गेलं.

"आतशी पोकल," आबा म्हणाले होते.

ती तशीच ताटली घेऊन बाहेर आली. शेंगदाणा हलू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत. आबा फोनवर वाकून विचारत होते, "हॅलो? हॅलो? रनजीत?"

"आबा, फोन ठेवू नका!"

"काय गो?"

"मी खोटं बोलले. आत्या बोलली होती माझ्याशी. ती धाकटीवर गेलीय. मीच म्हटलं होतं तिला, एकच म्हणजे अर्धी ट्रिप." शेवटचे शब्द रडण्यात बुडाले.

आबांनी ताटलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. रागावतील, असं तिला वाटलं. आबांनी नुसता फोन तिच्या तोंडाजवळ धरला. "मला नको सांगू. त्याला सांग. मोठ्यानं."

"रणजीत सर! आत्या नाळेत नाही! धाकटीवर, धाकटीवर बघा!"

"काय? कोण बोलतंय?" मग आवाज बदलला. "प्रिया? नक्की ना बाळा? मी सगळ्यांना तिकडे वळवतोय, पुन्हा इकडे यायला वेळ नाही मिळायचा. खिंडीतून दोन वाटा फुटतात. कुठली घेतली असेल, माहितेय तुला?"

प्रियाने बाहीने नाक पुसलं. आबांच्या हातातून फोन घेतला आणि कॅमेरा सुरू केला. पडद्यावर पांढरा धूर आणि त्यात बर्फाने माखलेली एक दाढी दिसली. "सर, इकडे बघा," ती म्हणाली, आणि फोन ताटलीवर धरला. आबांनी खालून ताटलीला दोन्ही हातांचा आधार दिला. मग प्रियाने आडवी पडलेली काडी उचलली आणि शेंगदाण्याच्या डावीकडे, आत्याने दाखवली होती तिथेच, मिठात उभी रोवली.