चित्र आलं का?

"आलं का?"

खालून उत्तर नाही.

"शरणम्मा, चित्र आलं का?"

पत्रा असा तापला होता की चपलेतून चटके बसत होते. सोलापूरचा मे महिना आणि दुपारचे बारा. शेजारच्या गच्चीवर चंद्रव्वा पापड वाळत घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाली, "सिद्धप्पाण्णा, तुमच्या डिशला दृष्ट लागली का काय वो? रोजच बिघडतीय."

अर्ध्या जिल्ह्याच्या डिशा लावणारा माणूस मी, आणि माझ्याच घरची डिश महिनाभर रोज बिघडत होती, कारण ती मीच बिघडवत होतो.

रोज सकाळी पत्र्यावर चढायचं, पान्याने मागचा नट ढिला करायचा आणि डिशचं तोंड बोटभर सरकवायचं. दुपारी बायकोला टीव्हीसमोर बसवायचं आणि पुन्हा वर येऊन हाका मारायच्या. खिशात मीटर होतं. वायरीला ते लावलं की सिग्नल किती येतोय ते आकड्यात दिसतं, खाली कुणी ओरडायची गरज नाही. पण ते मी बाहेर काढत नव्हतो. मला तिच्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता. पंधरा-वीस हाका मारून घसा बसला की गुपचूप डिश जागेवर आणायची आणि खाली उतरायचं. तिची मालिका चालू असताना मात्र मी कधी हात लावला नाही. तेवढी दया होती मला.

जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली त्याच आठवड्यात, शरणम्माला झटका आला. उजवा हात गेला. उजवा पाय थोडा परत आला. वाचा गेली ती गेलीच. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी चित्रांची कार्डं पुढं धरली. केळं, छत्री, कुत्रा. "म्हणा मावशी, केळं." भाजीवाल्याने सडका माल पुढं करावा तसं शरणम्माने त्या कार्डाकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाई स्वभावाने चांगल्या होत्या. निघताना मला म्हणाल्या, "काका, त्यांना समजतं सगळं. जे शब्द आयुष्यभर तोंडात बसलेत ना, ते आधी परत येतात. घरी तसं काही जमतंय का बघा."

रिक्षातून येताना मी तोच विचार करत होतो. हिच्या तोंडात आयुष्यभर काय बसलं असेल? सिद्धेश्वराचं नाव कमी, आणि 'आलं', 'गेलं' जास्त.

निम्मा धंदा तिचाच होता. आधी मी नुसते अँटेना लावायचो, तेव्हा पडद्यावरच्या मुंग्या गेल्या की चित्र आलं असं समजायचं. मग डिश आली. तिचं तोंड आग्नेयेला धरायचं, पण एक बोट इकडे-तिकडे झालं की पडद्यावर चौकोन नाचायला लागतात. वर एक माणूस लागतो, खाली एक लागतो. खेड्यात दुपारचे गडी सगळे रानात, घरात बायाच. टीव्ही आतल्या खोलीत. एकदा उजनीच्या काठच्या एका गावात एका म्हातारीला मी टीव्हीसमोर उभं केलं. मी काही विचारलं की ती "आलं, आलं" म्हणायची. मी नट आवळले आणि निघून आलो. दोन दिवसांनी निरोप आला की काहीच दिसत नाही. पुन्हा गेलो तर उलगडा झाला, म्हातारी बंद काचेत स्वतःचं तोंड बघून 'आलं' म्हणत होती.

त्या संध्याकाळी शरणम्मा भाकरी थापता थापता म्हणाली, "उद्यापासनं मी येते. मला निदान माझं तोंड तरी ओळखता येतंय."

तेव्हापासून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ती आणि तिच्या मांडीवर वायरीचं भेंडोळं. केम, करमाळा, सांगोला, कुठं म्हणून गेलो नाही. तिचा आवाज असा की ऊस ओलांडून पलीकडच्या रानात जायचा. "जरा मागं. अजून. थांबा तितं. हलू नका, गेलं बघा, तुमाला हात स्थिर ठेवता येत न्हाय का वो?" गिऱ्हाइकांसमोर बोलणी खायचो मी. पण तिने 'आलं' म्हटल्यावर नट आवळला की पाच-पाच वर्षं त्या डिशकडे कुणाला बघावं लागत नसे. शहरातल्या तेलुगू विणकरांच्या घरी 'आलं'च्या जागी ती "वच्चिंदी" म्हणून ओरडायची. अक्कलकोटकडे गेलो की "बंतु" म्हणायची. तिकडं तिचं माहेर, तिची बोली कन्नडच. माझीसुद्धा. तिकडून परतताना गाडीवर ती जास्त बोलायची आणि जास्त हसायची, हे मला तेव्हा दिसत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं.

नंदीश शाळेत गेला तेव्हा मास्तर म्हणाले, पोराचं मराठी कच्चं आहे. मी घरी येऊन फर्मान काढलं, आजपासून घरात कन्नड बंद. ती "बरं" म्हणाली. आणि तीस वर्षं तिने ते पाळलं. माझ्याशी भांडलीसुद्धा मराठीतच.

भांडणाचं आठवलं की अजून पाठ भाजते. तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं, आणि मी कामं आहेत म्हणून नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सांगोल्याकडे एका घरावर मी चढलो, असाच पत्रा, असंच ऊन. "आलं का?" "न्हाय." वर केली, खाली केली. "आता?" "न्हाय आलं." वायर बदलली. डिशपुढचा डबा बदलला. "न्हाय." अर्धा तास मी तळव्यांना फोड येईपर्यंत नाचत होतो. शेवटी खाली उतरलो, तर पडद्यावर चित्र लख्ख, आणि ही घरच्या बाईबरोबर चहा पीत बसलेली. मला म्हणाली, "आलं होतं की मगाशीच. म्हटलं, तुमी जरा वर ऱ्हावा." मी रागाने लालबुंद, आणि ती घरची बाई पदरात तोंड घालून हसतेय. लग्नाला गेलो आम्ही. न जाऊन सांगतो कुणाला.

तर त्या दिवशी पंधरा हाका झाल्या, उत्तर आलं नाही. मी डिश जागेवर आणली आणि उतरलो. दारात नंदीश. पुण्याहून आला होता, बरोबर मोठा खोका.

"अप्पा, तुमी पुन्हा पत्र्यावर? साठी उलटली तुमची. पडलाबिडला तर अव्वाला कोण बघणार? नवा टीव्ही आणलाय. इंटरनेटवर सगळं दिसतंय आता, चार वाजता माणूस येतोय वायफाय जोडायला. ती डिश काढून टाकू."

तो चूक बोलत नव्हता. डिश गेली की पत्र्यावर चढायचं कारण गेलं. मग मी हाक कुठून मारणार, आणि ती कशाला उत्तर देणार? महिन्याभरात नाही जमलं, आता जमायचंही नाही. तरी म्हटलं, "मी लावलीय, मीच काढणार."

जेवणं झाली. नंदीशने आईला टीव्हीसमोर बसवलं, तिची दुपारची मालिका लागली होती. मी पाना घेऊन वर गेलो. मालिका संपेपर्यंत थांबावं असं वाटलं, पण थांबलो असतो तर हात उचलला नसता. मागचा नट ढिला केला, डिश दोन्ही हातांनी धरली आणि वाकवली. खाली मालिकेतली सासू अर्ध्या वाक्यात बंद पडली.

"होय्तु."

मला वाटलं चंद्रव्वा बोलली. तिच्या गच्चीवर नुसते पापड होते.

"होय्तु." आता चिडून. जडशीळ, बोबडा आवाज, पण ठसका तोच. "होय्तु, होय्तु."

नंदीश धावत अंगणात आला. "अप्पा, अव्वा बोलतीय. ऐकलं का? काय म्हणतीय ती?"

माझ्या पोराला आईचा शब्द कळला नाही. माझंच फर्मान ते.

"गेलं म्हणतीय," मी म्हटलं आणि तापल्या पत्र्यावर मटकन खाली बसलो. लहान पोरासारखा रडलो. महिनाभर मी तिला हाका मारत होतो, आणि त्या सगळ्या मराठीत.

जरा वेळाने डोळे पुसले आणि उठलो. डिश पुन्हा वर उचलली, आग्नेयेला, हाताला जागा पाठ होती. घसा नीट केला. तीस वर्षांत या घरात मी तिला कन्नडात असं विचारलं नव्हतं.

"बंतेनु?"

खालून सावकाश, एकेक अक्षर जुळवत, "इल्ल."

नाही म्हणाली. मी डिश केसभर डावीकडे घेतली.

"बंतेनु?"

"इल्ल."

"अप्पा, आलंय की चित्र," खालून नंदीश ओरडला. "मगाशीच आलंय, एकदम क्लिअर. उतरा आता, ऊन लई हाय."

"इल्ल," त्याचं बोलणं तोडत ती म्हणाली.

मी नट घट्ट आवळला. पाना खिशात घातला, डोक्यावरचा टॉवेल नीट केला आणि ती 'बंतु' म्हणेल तोवर तिथंच पत्र्यावर उभा राहिलो.