आवाज ओळखा

बेसा रोडवरच्या त्या कॉलनीत रविवारी सकाळी पाण्याचा टँकर एक वेळ चुकेल, पण कुसुमताईंचा बालगट चुकायचा नाही. कुसुमताईंना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती. समाजभवनाच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकायच्या, कॉलनीतली पोरं गोळा करायची आणि त्यांना काहीतरी चांगलं शिकवूनच घरी पाठवायचं, हा त्यांचा खाक्या. कधी पाणी वाचवा, कधी पक्षी ओळखा. डिसेंबरच्या पहिल्या रविवारचा विषय त्यांनी ग्रुपवर टाकला तो गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात लावून: दिव्यांग जाणीव दिन.

संदेशामागोमाग आयुषच्या आईला, दिपालीला, त्यांचा फोन आला.

"आयुषला आणाल नं, बेटा? मुलांना समजेल, आणि त्यालाही बरं वाटेल चार मुलांमध्ये."

"बरं," दिपाली म्हणाली.

आजकाल ती सगळ्यालाच बरं म्हणायची. गणपतीच्या आधी आयुषला ताप आला, पाठीच्या कण्याला सूज आली, आणि आठवड्याभरात सहावीतल्या, दिवसभर क्रिकेटच्या नावाने उनाडणाऱ्या पोराचे पाय गेले. धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, काही मुलं चालायला लागतात, काही नाही, वाट पाहू. ती बरं म्हणाली. तिचा नवरा जितेंद्र मोबाईलचं दुकान सांभाळून दवाखान्याच्या खेपा करायचा आणि घरी येऊन मोरीत तोंड धुता धुता रडायचा. तिला रडू आलं नाही. पारशिवनीहून सासू-सासरे आले. सासूबाई चार दिवस तिच्याकडे पाहत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "काहून वं, तुले रडू नाही येत काय?" खरंच येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गालाला हात लावला की आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं तिला सगळ्या अंगाचं झालं होतं. पोळ्या लाटल्या जात होत्या, औषधं दिली जात होती, शेजारणी आल्या की चहा होत होता. ते सगळं कोणीतरी करत होतं आणि ती नुसती पाहत होती.

आयुष मात्र बरं म्हणणाऱ्यातला नव्हता. बालगटाचं ऐकल्यावर त्याने आधी तोंड फिरवलं. मग संध्याकाळी स्वतःच म्हणाला, "येतो मी. पण एक अट आहे."

"सांग."

"मले कोणी उचलाचं नाही. अन् मले सरकताना कोणी पाहाचं नाही. कोणीच नाही."

घरी बाथरूमचं दार एवढं अरुंद होतं की व्हीलचेअर आत जात नव्हती. आयुष खाली उतरायचा आणि दोन्ही तळहातांवर जोर देऊन, मागे मागे सरकत जायचा. पाय नुसते ओढले जायचे. तेवढ्यापुरतं घरातल्या सगळ्यांना खोलीत कोंडून घ्यावं लागे. एकदा त्याचे आजोबा मनोहरराव चुकून बाहेर आले, तर पोरगा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. आणि लघवी लागली की त्याला लगेच जावं लागायचं. धरून ठेवणं आता त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

"नाही पाहणार कोणी," दिपाली म्हणाली. "मी आहे न."

रविवारी सकाळी जितेंद्रने दोघांना समाजभवनापाशी सोडलं आणि तो दुकानावर गेला. पायऱ्यांवर कुसुमताईंनी फळी टाकून ठेवली होती. आयुष आत शिरला तेव्हा हर्षितने, त्याच्या जुन्या ओपनिंग पार्टनरने, आरोळी ठोकली, "अबे आयुष! भाई, काय गाडी आहे बे!" आयुष हसला. दिपालीने ते हसू पाहिलं. चांगलं झालं असं तिला वाटायला हवं होतं, एवढं तिला समजलं.

कुसुमताईंनी शिट्टी वाजवली. प्रस्तावना केली. बाई बोलायच्या मनापासून, त्यात खोट नव्हती. मग त्या आयुषच्या खुर्चीपाशी आल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "आयुष बेटा, तू थोडा वेळ इकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसशील? आज प्रत्येकाला या खुर्चीत बसून पाहायचं आहे. त्याशिवाय कळणार कसं?"

सगळी पोरं आयुषकडे पाहत होती. एवढ्या जणांसमोर नाही कोण म्हणेल? त्याने हातांच्या जोरावर स्वतःला उचललं आणि शेजारच्या निळ्या खुर्चीत टाकलं. फिजिओथेरपीवाल्या दादाने शिकवलेलं ते काम त्याने इतकं सफाईने केलं की पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याची व्हीलचेअर, म्हणजे त्याचे होते नव्हते ते पाय, ढकलत ढकलत हॉलच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली.

रांग लागली. भिंतीपासून स्टेजपर्यंत जायचं आणि वळून परत. कोणी भिंतीला धडकलं, कोणी गोल गोल फिरलं, लहान पोरं किंचाळायला लागली. हर्षितने दोन फेऱ्या मारल्या.

"कसं वाटलं, हर्षित?"

"एकदम मस्त, ताई!"

"मस्त?"

हर्षितने ताईंचा चेहरा पाहिला. "नाही ताई. कठीण वाटलं. खूप कठीण."

"शाब्बास," म्हणत कुसुमताईंनी फळ्यावर लिहिलं: कठीण.

दिपाली मागे भिंतीशी, आयुषपासून थोडी दूर बसली होती. किती वेळ गेला कोण जाणे. तिचं लक्ष गेलं तेव्हा आयुष तिच्याकडेच पाहत होता. त्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि खालचा ओठ दातांत दाबला होता. तिला कळलं. लघवी लागली की घरीही तो असाच ओठ दाबायचा.

ती उठली, कुसुमताईंपाशी गेली. "ताई, खुर्ची..."

"हो हो, फक्त लहान गट राहिला आहे. बघा किती समरस झाली आहेत मुलं!"

"बरं," दिपाली म्हणाली.

म्हणून गेली आणि तिथेच उभी राहिली. खुर्ची द्या, पोराला लघवीला जायचं आहे. केवढंसं वाक्य. मोठ्याने म्हटलं तर सगळा हॉल ऐकेल, हे खरं होतं. पण ताईंच्या कानात सांगता आलं असतं, हेही खरंच होतं. वाक्य तोंडापर्यंत येत होतं आणि तिथे त्याला उचलून बाहेर टाकणारं कोणी नव्हतं. ती आयुषकडे परत आली. वाकून हळूच म्हणाली, "नेऊ का उचलून? पटकन?"

त्याने मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण मान जोरात हलली. नाही.

लहान गट संपला. आता तरी खुर्ची येईल म्हणून दिपाली पुढे झाली, तर दोन मोठ्या पोरांनी ती उचलून स्टेजवर बॅनरच्या बाजूला नेऊन ठेवली. फोटो काढायचा होता. कुसुमताईंनी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना पाठीला पाठ लावून सतरंजीवर बसवलं. रितिका नावाच्या थोराड पोरीने प्रत्येकाच्या डोळ्यांवर ओढण्या, मफलर, रुमाल बांधायला घेतले. खेळाचं नाव होतं आवाज ओळखा. डोळे बंद असले की कान कसे उघडतात, ते पाहायचं. शेवटी रितिकाने स्वतःचेही डोळे बांधले आणि बसली.

हॉलमध्ये डोळे उघडे असलेली तिघंच राहिली: कुसुमताई, दिपाली आणि आयुष.

ताईंनी घंटी वाजवली. "घंटी!" सगळी ओरडली. किल्ल्यांचा जुडगा हलवला. "चाव्या!" वाटीवर चमचा मारला. दिपाली स्टेजकडे निघाली होती. दोन पावलं गेली असेल नसेल, आणि मागून तिने तो आवाज ऐकला. सर्र. मग थप. मग परत सर्र.

ती वळली. आयुष खाली उतरला होता. तळहात मागे टेकवून, अंग उचलून, मागे सरकत, तो बांधलेल्या डोळ्यांच्या त्या सगळ्या पोरांच्या बाजूने बाथरूमकडे निघाला होता. ट्रॅक पँटमधले पाय त्याच्या पुढून फरशीवर ओढले जात होते. त्याने वेळ बरोबर साधली होती. कोणाला काही कळलंही नसतं.

कुसुमताईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्यांनी आयुषकडे पाहिलं, मग स्टेजवरच्या खुर्चीकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांना आत्ता कळत होतं.

सर्र. थप.

"पोतं!" हर्षित ओरडला. "ताई, पोतं ओढून राहिलं कोणी! बरोबर?"

"हो हो, पोतं!" बाकीचे ओरडले. "सतरंजी!" एकजण म्हणाला, त्याला सगळ्यांनी गप्प केलं. "ताई, सांगा न! बरोबर का?"

आयुष हॉलच्या मधोमध थांबला होता. एक हात फरशीवर, एक हवेत. तो दिपालीकडे पाहत होता.

कोणीतरी आता पट्टी वर करून पाहणार, हे तिला दिसत होतं. एका लहान पोराचा हात रुमालाकडे गेलाच होता.

"बरोबर," दिपाली म्हणाली. आवाज तिचाच होता. "पोतंच आहे."

"येस्स!" हर्षितने मूठ वर केली. "कशाचं, काकू?"

"तांदळाचं."

"कोण ओढून राहिलं?"

"मी," ती म्हणाली. "मीच ओढून राहिली."

आयुष परत निघाला. सर्र, थप. सर्र, थप.

"जड आहे काय, काकू?"

उन्हाळ्यात याच पोराला कडेवर घेऊन दाखव म्हणून जितेंद्रने पैज लावली होती, आणि ती हरली होती. "नाही," ती म्हणाली. "हलकंच आहे."

बाथरूमचं दार लागलं. आतून पाणी पडल्याचा आवाज आला आणि रितिका आनंदाने ओरडली, "नळ! नळ सोडला!"

"बरोबर," दिपाली म्हणाली.

"पट्ट्या सोडायच्या नाहीत हं कोणी," कुसुमताई म्हणाल्या. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "अजून पुष्कळ आवाज आहेत." आणि त्या वाटी वाजवायला लागल्या, घंटी वाजवायला लागल्या, परत वाटी वाजवायला लागल्या. पोरं कंटाळली, म्हणाली, ताई, हे झालं न. तरी त्या थांबल्या नाहीत. दिपालीने एकटीने खुर्ची स्टेजवरून उतरवली, बाथरूमच्या दाराशी नेली आणि पाठ करून उभी राहिली. आयुष वर चढला. त्याची पँट कोरडी होती. तळहात काळे झाले होते.

"बरं सांगतलं तू," तो हळूच म्हणाला. "नाहीतर समजलं असतं सगळ्याइले."

तिने त्याची खुर्ची हर्षितच्या शेजारी नेऊन उभी केली. कुसुमताईंनी शिट्टी वाजवली. पट्ट्या सुटल्या, पोरं डोळे चोळायला लागली, एकमेकांच्या विस्कटलेल्या केसांना हसायला लागली.

आणि हर्षित इकडे तिकडे पाहत म्हणाला, "पण पोतं कुठं आहे बे?"

सगळ्यांनी पाहिलं. स्टेजच्या मागे, दारामागे, खुर्च्यांखाली. लहान पोरं तर उठून शोधायला लागली. आयुषनेही मान वळवून सगळीकडे नजर फिरवली, अगदी खरोखर शोधतोय असा.

"नेलं असंन आत, भैताड," तो म्हणाला. "तुह्यासाठी ठेवाचं होतं काय?"

हॉल हसला. आयुषही हसला, हर्षितच्या खांद्यावर बुक्की मारत, जुन्यासारखा, गडगडून.

दिपालीला ते हसू आधी ऐकू आलं आणि मग लागलं. छातीत कुठेतरी खोल, इतकं की ती भिंतीला टेकली. आपल्या पोराला आपण पोतं म्हटलं, आणि त्याने आपले आभार मानले. तिला हुंदका आला. तिने पदर तोंडात कोंबला तरी तो थांबेना, दुसरा आला, तिसरा आला, आणि मग ती सगळ्या हॉलसमोर, फळ्यावरच्या त्या कठीण शब्दासमोर, मोठमोठ्याने रडायला लागली. पोरं शोधायची थांबली. कुसुमताई पुढे आल्या आणि मध्येच थांबल्या.

आयुषने खुर्ची वळवली आणि तिच्यापाशी आणली. कान लाल झाले होते त्याचे.

"आई, नको न वं," तो कुजबुजला. "सगळे पाहून राहिले."

"पाहू दे," दिपाली म्हणाली.