बोटं दिसली पाहिजेत

"डॉक्टर, भूल दिली की भूकही झोपते का?"

मित्रांनो, हा प्रश्न माझा नव्हे. मी आपला दवाखान्यातल्या सिस्टरांच्या टेबलावरचा एक जुना काचेचा पेला. प्रश्न विचारला खिडकीजवळच्या खाटेवरच्या मुलीनं. लांब उडी मारताना तिचा गुडघा दुखावला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं आणि "हिंमत असेल तर भूलवाल्या डॉक्टरांना विचारून दाखव," असं मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं.

डॉक्टर हसले. "झोपते ना! पण उठते मात्र पेशंटच्या आधी. म्हणून तर उद्या सकाळी तुला गोड पेय मिळणार आहे."

गोड पेय! ते शब्द ऐकले आणि माझं लक्ष माझ्याच पोटाकडे गेलं. पोटात तेव्हा काय होतं म्हणाल, तर बंद पडलेली बॉलपेनं.

मी वाळूचा, आगीतून घडलेला. एका खोक्यातून आम्ही सहा भाऊ इथं आलो. कुणी बेसिनमध्ये निसटला, कुणी उकळत्या पाण्यानं तडकला. उरलो मी एकटा. त्या काळी ऑपरेशनआधी उपाशी म्हणजे कडकडीत उपाशी, पाण्याचा घोटसुद्धा नाही. माणसं सुकलेल्या ओठांनी आत जायची. मग हे डॉक्टर आले आणि ज्यांना चालतं त्यांना सकाळी ठरल्या वेळेपर्यंत कर्बोदकांचं पातळ, गोड पेय देऊ लागले. ते माझ्यातून! जादू नव्हती ती. जखम काही माझ्यामुळे भरत नसे. पण घशाची कोरड जायची, जिवाची घालमेल कमी व्हायची आणि शुद्धीवर आल्यावर बरेच जण जरा लवकर तरतरीत वाटायचे. एक आजोबा तर उठल्या उठल्या म्हणाले होते, "तो पेला कुठाय माझा?" माझा! मित्रांनो, मला तसं पुन्हा कुणीच म्हटलं नाही.

पेय देताना मोठ्या सिस्टर माझ्यामागे बोटं धरायच्या. "दिसतायत ना? मग चालेल." आरपार दिसणारं पेय पोटातून लवकर पुढं सरकतं. दूध रेंगाळतं, आणि भुलेत ते उलटून श्वासनळीत गेलं तर जिवावर बेततं. म्हणून ही परीक्षा. सगळे माझ्यातून बघायचे. माझ्याकडे मात्र कुणी बघत नसे.

पुढं कागदी कप आले आणि मी बॉलपेनांचा झालो.

ऑपरेशनच्या त्या सकाळी मुलीजवळ तिची आत्या होती. एकटीच राहणारी, भाचीवर जीव टाकणारी. मोठ्या सिस्टरांनी कागदी कपात पेय दिलं आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. "नुसत्या साखरपाण्यावर पोर कशी तगायची!" असं पुटपुटत आत्यानं थर्मासमधलं दूध त्यात ओतलं. मी ओरडलो असतो हो, पण काचेला कुठला आवाज? फुटल्याशिवाय तो निघत नाही.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी विचारलं, "कसं होतं पेय?"

"एकदम भारी! दुधाळ दुधाळ."

"दुधाळ?"

झालं! ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. आई-बाबा धावत आले. बाबा कडाडले, "ताई, अगं पोरीच्या जिवाशी खेळ झाला असता! उद्या तू येऊ नकोस."

"बरोबर आहे रे तुझं," आत्या एवढंच म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसली. दारातून मला ती दिसत होती. माणसं समोरून जात होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. ते बसणं माझ्या ओळखीचं होतं.

इतक्यात मोठ्या सिस्टरांनी बॉलपेनं टेबलावर ओतली, मला खसाखसा धुतलं आणि म्हणाल्या, "कपातलं काही दिसतच नाही. आणि मीसुद्धा 'दूध चालत नाही' हे सांगायला हवं होतं. उद्यापासून काचेतच."

मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाला कोपऱ्यात ठेवू नका. आणि चुकलं म्हणून तर मुळीच नको. आधी नीट सांगून बघा.

ती मुलगी कुबड्या घेऊन टेबलापाशी आली. तिनं मला उचललं, माझ्यामागे स्वतःची बोटं धरली, मग मला बाजूला धरून थेट बाहेरच्या बाकाकडे बघितलं.

"आई, बाबा, माझं ठरलंय," ती म्हणाली. "उद्या आत्याच थांबणार. पेय तीच देणार, या पेल्यातून. आधी बोटं बघेल, मग देईल. आणि शुद्धीवर आल्यावर मला पहिली तीच दिसली पाहिजे."