सिल्लाचा नारळ

आठ वर्षं माझा नवरा बळीराम आणि मुलगा प्रणित शेजारी शेजारी जेवायला बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. "आये, त्यांना सांग, मीठ द्यायला." मीठ दोघांच्या मधोमध असतं! मी, मालू, या घरातली टपालवाली.

कारण जमीन. विचुंब्याच्या अलीकडे आमचं गाव. आठ वर्षांपूर्वी, आमच्या जमिनी घेणाऱ्या सरकारी प्रकल्पाविरुद्ध सगळा गाव मोर्चाला निघणार होता. आदल्या दिवशी बळीरामने, गावचा मुख्य पंच म्हणून, एकट्यानेच जमिनी द्यायला होकार देऊन टाकला. आमच्या गावकीत शब्द दिला की समोरच्याच्या हातात नारळ ठेवतात. त्याने गावदेवीसमोर प्रकल्पाच्या साहेबाच्या हातात ठेवला.

यंदा जत्रेच्या नाटकाला अवधूत मास्तरांनी कोरियातली गोष्ट काढली. सिल्ला हे हजार वर्षांचं राज्य. ग्योंगसुन त्याचा शेवटचा राजा. माणसं मरायला नकोत म्हणून त्याने न लढता शेजारच्या राजाला राज्य देऊन टाकलं. मुलाला ते पटलं नाही. तो जाडंभरडं नेसून डोंगरात निघून गेला, कायमचा.

"राजा आणि राजपुत्र आमच्या घरातलेच घ्या," मी मास्तरांच्या खनपटीलाच बसले. निदान नाटकात तरी बोलतील. शेवटी बळीराम राजा झाला आणि प्रणित राजपुत्र.

जत्रेच्या दुपारी मी राजपुत्राचा गोणपाटाचा अंगरखा घेऊन विंगेत उभी होते. शरणागतीचा प्रवेश आला. बळीरामने पेटी उघडली, तर रिकामी. राजमुद्रा मास्तरांच्या घरीच राहिली होती. जिंकणारा राजा झालेला दयाराम हात पुढे करून ताटकळला. बळीराम गडबडला. त्याने रंगपूजेचा नारळ उचलला आणि दयारामच्या हातात ठेवला.

मंडपात मागून कोणीतरी ओरडलं, "परत एकदा दिलास काय, बळीराम?"

प्रणितने पाठ केलेलं वाक्य म्हटलंच नाही.

"बाबा, तवा मना का नाय इचारलंस?"

मास्तर वहीतून पुढचं वाक्य कुजबुजत राहिले. बळीरामने मुकुट काढला.

"तू सतरा वर्सांचा व्हतास. मोर्च्यात पयल्या रांगेत उभा रानार व्हतास. पोलिसांच्या गाड्या मी बगितल्या व्हत्या. जमीन गेली तं गेली. तुला कसा देऊ?"

"मंग मना सांगलं का नाय?"

"सांगलं असतं तं थांबला असतास?"

हे त्याने मलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला. आठ वर्षं मनात दाबून बसला होता हा माणूस!

प्रणित विंगेत आला. माझ्या हातातून अंगरखा ओढून त्याने अंगात घातला आणि माझ्याकडे न बघता रंगमंच ओलांडून पलीकडच्या पायऱ्यांपर्यंत गेला. आता हा खरंच जातो, असं मला वाटलं. तिथे तो बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मग वळला, दयारामच्या हातातला नारळ काढून घेतला आणि बापाच्या हातात ठेवला.

"जात नाय मी."

"अरे, राजपुत्र जातो!" मास्तर ओरडले. "इतिहासात जातो तो!"

मी त्यांच्या हातातली वही काढून घेतली.