किल्ली माझ्याकडे राहील

माझ्या दोन्ही मुलांची घरं बघण्यासारखी आहेत. म्हणजे बघण्यासारखं तिथे काहीच नाही आणि त्याचंच त्यांना कौतुक. मुलाच्या हॉलमध्ये एक सोफा, एक दिवा आणि कुंडीतलं एक झाड. मुलीकडे तर सोफाही नाही. जमिनीवर गाद्या टाकल्यात. मी एकदा बसले की मला उठवायला दोन माणसं लागतात. बहीण-भावाने मिळून मोबाइलवर कुठला तरी कोर्स केला होता, पसारा कसा कमी करायचा याचा. त्यात एक नियम होता: ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही, तिने घरात राहायचं नाही. नियम मलाही पटला. फक्त घरातून निघालेली वस्तू पुढे जाते कुठे, ते त्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. ते मी सांगते. ती माझ्याकडे येते.

सुरुवात मुलाने केली, ड्रिल मशीनने. "आई, फक्त आठवडाभर ठेव." मग व्यायामाची सायकल आली. तिच्यावर व्यायाम कुणी केला असेल तर तो ती जिन्याने वर आणणाऱ्या हमालाने. मुलगी मागे राहते होय? तिने तंबू आणला, एकात एक घातलेल्या तीन सुटकेस आणल्या, तार तुटलेली गिटार आणली, नातीचा पाळणा आणला. नात आता कॉलेजात जाते.

"अगं, टाकून का देत नाहीस?" मी विचारलं.

"टाकवत नाही गं आई. जीव अडकलाय."

"मग तुझ्याच घरात ठेव की."

"तिथे पसारा होतो."

तिच्या घरात ठेवला तर पसारा, आणि माझ्या घरात ठेवला तर ते सामान! आणि वर, निघताना म्हणते कशी, "तुझं घर किती भरलेलं आहे गं आई, तूपण थोडं कमी करायला हवंस." मी गिटार आत नेऊन ठेवली. उलट बोलले असते तर तिने गिटारीबरोबर रागही माझ्याकडेच ठेवून दिला असता.

असं करत करत माझी मागची खोली भरली आणि मी हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागले. माझी काही तक्रार नव्हती. हे गेल्यापासून मी एकटीच. एकटीला किती जागा लागते! पण एके दिवशी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, भाड्याच्या घरात राहिली. तिच्या घरमालकाने घर विकलं होतं.

"महिनाअखेर सोडायचंय. बघते कुठेतरी," ती म्हणाली.

"बघतेस काय? इकडे ये," मी म्हटलं. फोन ठेवून मागच्या खोलीचं दार उघडायला गेले, तर ते जेमतेम वीतभर उघडलं. ताईला त्या खोलीत कशीबशी उभी केली असती, पण आडवी करायला जागा नव्हती.

मी दोघा मुलांना फोन केले. मावशी येतेय, तुमचं तुमचं घेऊन जा. "या रविवारी नक्की," मुलगा म्हणाला. रविवारी तो आला, सोबत जुना प्रिंटर घेऊन. "येतच होतो, तर म्हटलं..." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने चहासुद्धा न पिता काढता पाय घेतला. मुलीला 'पुढचा आठवडा' जमणार होता. तिचा पुढचा आठवडा कायम पुढेच असतो.

तेव्हा मला बसथांब्याच्या भिंतीवर बघितलेली एक जाहिरात आठवली. सामान ठेवायला भाड्याने गाळे. गेले बघायला. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना नारिंगी शटरं, आणि आपण चालू तसतसे डोक्यावरचे दिवे आपोआप लागणार. मॅनेजर अगदी अदबीने बोलणारा.

"काय ठेवायचंय, आजी?"

"माझ्या दोन मुलांची दोन घरं," मी म्हटलं.

त्याने मोठ्यातला गाळा दाखवला. "कुलूप तुमचं तुम्ही आणायचं. किल्ली आम्ही ठेवत नाही. तुमच्याशिवाय कुणी उघडणार नाही." मला जागा आवडली. माझ्या घरापेक्षा मोकळी होती.

सगळं ठरल्यात जमा होतं, आणि त्या रात्री माझंच पाऊल अडलं. दिवाणावर पडल्या पडल्या आठवायला लागले, गेल्या वर्षात मुलं कधी कधी आली. मुलगा आला तो सायकल ठेवायला, मग ड्रिल न्यायला, मग ड्रिल ठेवायला. मुलगी तंबू न्यायला, तंबू ठेवायला. नुसतं मला बघायला कोण कधी आलं, ते काही केल्या आठवेना. ही अडगळ होती म्हणून दाराची बेल वाजत होती. उद्या खोली रिकामी झाली की ती कशाला येतील? फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

सकाळी ताईला फोन करून हे बोलून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असं असेल तर राहू दे. मी दुसरीकडे बघते. तुझी मुलं यायची थांबायला नकोत माझ्यापायी."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "तू एक अक्षर बोलू नकोस. तू येणार आहेस. बाकीचं मी बघते."

आणि बघितलंच. कुलूप घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने कुलपाबरोबर दोन किल्ल्या दिल्या. त्या हातात घेतल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी येऊन एक किल्ली शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली दडवली.

टेम्पो मीच बोलावला. सगळं सामान गाळ्यात लावून घेतलं, शटर ओढलं, कुलूप घातलं आणि गंज चढू नये म्हणून कुलपावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून वर सुतळी बांधली. मी तीस वर्षं कापडाच्या दुकानात पार्सलं बांधली आहेत. माझी गाठ कात्रीशिवाय सुटत नाही. हे तर माझ्या हातचा डबा बांधलेला दिसला की आधी कात्री शोधायचे आणि मग हात धुवायचे.

मग मुलांना कळवलं.

"न विचारता?" मुलगी ओरडली.

"बहुतेक सामानाला वर्षभर कुणाचा हात लागला नव्हता. नियम तुमचाच. भाडं दोघांनी निम्मं निम्मं भरा, नाहीतर सांगा, भंगारवाल्याला बोलावते."

भंगारवाल्याचं नाव काढल्यावर दोघांचे जीव पुन्हा अडकले. भाडं भरायला तयार झाली. "किल्ली?" मुलाने विचारलं.

"किल्ली एकच आहे. माझ्याकडे राहील. हवी तेव्हा येऊन न्यायची आणि त्याच दिवशी आणून द्यायची."

ताई आली. मागच्या खोलीत तिचा पलंग लागला, माझाही लागला. रात्री दोघी लहानपणीसारख्या बडबडत पडायला लागलो, आणि ती माझ्या हिशेबाच्या चुका काढायला लागली.

आणि मुलंही यायला लागली! मुलाला ड्रिल हवं असायचं. सकाळी किल्ली न्यायला येणार, संध्याकाळी किल्ली द्यायला येणार. आधी वस्तू न्यायला एक फेरी व्हायची, आता दोन व्हायला लागल्या. संध्याकाळी आला की मी म्हणायची, आलाच आहेस तर जेवून जा. मुलीला कधी तंबू लागायचा, कधी गिटार. किल्ली परत द्यायला आली की माझ्या पलंगावर आडवी व्हायची आणि ऑफिसातल्या साहेबाला शिव्या घालायची.

"अगं, इतक्यांदा तंबू लागतो हिला?" ताईने एकदा विचारलं. "राहते कुठे ही?"

"तू गप्प बस," मी म्हटलं. माझी युक्ती लागू पडली होती आणि मी खुशीत होते.

थंडी सुरू झाली तशी ताईला रात्री हुडहुडी भरायला लागली. मुलीची जाड रजई गाळ्यात होती. एका रविवारी सकाळीच मुलगा ड्रिलसाठी किल्ली घेऊन गेला होता. "चल," मी ताईला म्हटलं, "तो तिथेच असेल. वरची रजई उतरवायला बरा." आणि तो नसलाच तर म्हणून बटणांखालची किल्ली घेतली.

मॅनेजरने मला ओळखलं. "या आजी! मला वाटलं, तुम्ही विसरलात गाळा."

"असं कसं? माझा मुलगा आलाय ना आत्ता?"

"नाही बुवा. तुमच्याकडचं कुणीच येत नाही. तुम्ही सामान ठेवून गेलात, ते गेलात."

"काहीतरीच काय! दर रविवारी येतात," मी म्हटलं आणि तरातरा बोळातून निघाले. दिवे माझ्यामागून धावत लागायला लागले.

शटरला कुलूप. कुलपावर पिशवी. पिशवीवर सुतळी, आणि सुतळीला माझी गाठ. टेम्पोच्या दिवशी मारली होती तशीच.

ताईने चष्मा नाकावर घेऊन गाठ बघितली. "म्हणजे ड्रिल?"

"आत."

"तंबू?"

"आत."

"मग ही दोघं इतके दिवस किल्ली घेऊन जातात कुठे?"

तिथे सामान ओढायची ढकलगाडी होती, तिच्यावरच मी बसले आणि मला रडू फुटलं. नुसतं आईकडे जायचंय असं म्हणायला लाज वाटणारी माझी मुलं, न लागणाऱ्या सामानाचं दर महिन्याला भाडं भरत होती.

ताईने मला मनसोक्त रडू दिलं. मग पर्समधून कात्री काढली. "आटपलं का? गाठ काप. मला थंडी वाजतेय."

मी कात्री घेतली, सुतळीखाली घातली आणि परत काढली.

"कापवत नाही गं," मी म्हटलं.

येताना बाजारातून नवी रजई घेतली.

संध्याकाळी मुलगा किल्ली द्यायला आला.

"मिळालं का ड्रिल?"

"मिळालं. फार खाली गेलं होतं गं, सायकलीच्या मागे. शोधता शोधता दमलो."

"कुठंय?"

"गाडीत."

मी खिडकीकडे निघालेच होते. जन्माची खोड आहे, खोटं पकडल्याशिवाय मला जेवण जात नाही. ताईने कोपराने जोरात ढोसलं. मी तिथल्या तिथे वळले आणि किल्ली खिळ्याला अडकवली.

"बरं. काम झालं की परत नेऊन ठेव. उगाच घरात पसारा नको."

"हो ना," तो म्हणाला. "म्हणजे पुढच्या रविवारी परत किल्ली लागेल."

"ये की," मी म्हटलं आणि चहाचं आधण ठेवलं.