गोड्या पाण्याची खूण

"कालवं सगळ्या खडकाला चिकटतात. जिथं चिकटत नाय आन् पोपटी शेवाळ धरतं, तिथं हात घाल. गार लागलं तर खाली गोडं पाणी हाय. आन् ते पाणी कधी फिरलं, नासलं, तर पयलं तूच सगळ्यांना सांगायचं. देवासमोर बोल."

चंद्रकांता सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा मी मुरबे गावात नवी सून होते. देवासमोर हो म्हटलं.

आमच्या किनाऱ्याचा तो पट्टा शिंपल्यांच्या चुनखडीचा, पोळ्यासारखा भोकाभोकांचा. भरतीला झरा समुद्राखाली जातो, ओहोटीला उघडा पडतो. त्या पाण्याने देवाला आंघोळ घातल्याशिवाय मी घोट घेत नाही. कधी कधी दुपार होते. शेजारची पारू मला चिडवायची, "जमनाचा देव खलाशी हाय, ओहोटी बघून उठतो."

पारूचीच लेक दीपाली माझी सून. सातवा महिना होता. पूजा झाली की मी तिच्या हातावर तीर्थ द्यायचे, वर ग्लासभर पाणी. तीर्थ कोण उकळतं? गेल्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. पालघरला नेलं, तिथून पुढे नेलं. बाळासकट गेली.

दिवाळीनंतर उन्नती आली, भूजलाचा अभ्यास करणारी. तिला मी झऱ्याच्या खुणा दाखवल्या, तिने आवडीने लिहून घेतल्या. मग म्हणाली, जुन्या विहिरी दाखवा. आमच्या परसातली दाखवली. आटलेली. दोन वर्षांपूर्वी शोषखड्ड्यासाठी खडक फुटेना, म्हणून प्रदीपने, माझ्या लेकाने, संडासाचा पाइप तिच्यातच सोडला होता. आटलेल्या विहिरीचं कुणाशी काय नातं असणार, असं आम्हाला वाटलेलं.

उन्नतीने तिच्यात हिरवा रंग ओतला, वर पिंपभर पाणी. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी झऱ्यात हात घातला. गार लागलं. ओंजळ हिरवी होती.

"काकी," ती हळू म्हणाली, "मातीतून पाणी गाळून येतं. या दगडातून ते धावत येतं."

प्रदीपने त्याच संध्याकाळी पाइप उखडला. झऱ्याचं कुणाला सांगू नको म्हणाला. मान खाली घालून त्याने विचारलं, "आये, पारूमामीला सांगून दीपा परत येनार हाय का?"

पाइप निघाला. पण विहिरीतली घाण विहिरीतच आहे. आणि पारू अजून रोज एक कळशी नेते, लेकीच्या तोंडात गेलेलं घरचं शेवटचं पाणी म्हणून. तेच पिते.

आज ओहोटी साडेदहाची. देवापुढे दिवा लावला. देव पारोसाच राहिला, मीही तहानलेलीच. पलीकडे पारूच्या कळशीचा आवाज झाला. प्रदीप ओट्यावर जाळं विणत होता, त्याने मान वर केली नाही. तांब्या पालथा ठेवून मी परसदाराने निघाले, ती खडकावर पोचायच्या आत.